दाभोशाच्या उतारासाठी ब्रेक निवडताना

रोड बाइक घ्यायची हे माझं लगेच ठरलं होतं. मी जव्हारच्या शाळेत विज्ञान शिकवते. सुट्टीच्या दिवशी दाभोशाच्या धबधब्यापर्यंत जाऊन यायचं आणि अंगात बळ आलं की मोखाडा, त्र्यंबकेश्वर करत नाशिक गाठायचं, असा बेत होता. अडले ते ब्रेकपाशी. नाशिकच्या दुकानात जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या तीन सायकली माझ्यापुढे उभ्या केल्या. किमतींत मात्र मोठा फरक. कारण विचारलं, तर उत्तर आलं, "मॅडम, तिघींचे ब्रेक वेगळे आहेत."

मला माहीत होती ती वडिलांची काळी सायकल, दांडीच्या ब्रेकची. मूठ आवळली की सळ्या वर खेचल्या जात आणि रबर रिमला घासून चाक थांबे. पुढे उभ्या असलेल्या पहिल्या सायकलीचा ब्रेक याच जातीचा, रिम ब्रेक. फक्त सळ्यांऐवजी केबल, आणि दोन्ही बाजूंनी रिमला चिमटा. दुसरीच्या चाकाच्या मध्याशी पोलादाची चकती होती, तीही केबलनेच पकडली जाणारी. तिसरीलाही चकतीच, पण केबलच्या जागी नळी आणि नळीत तेल. मूठ दाबली की तेलाचा दाब पिस्टन ढकलतो. तो हायड्रॉलिक डिस्क ब्रेक.

दुकानातल्या मुलाने तिन्ही चालवून पाहायला दिल्या. कोरड्या, सपाट रस्त्यावर तिन्ही नीट थांबल्या. मग हजारो रुपये जास्त कशाचे द्यायचे, हे काही केल्या कळेना. तो म्हणाला, "कोरड्यात तुम्हाला फारसा फरक कळणार नाही. चाक अडवण्याएवढी ताकद तिन्हींत आहे. शेवटी सायकल थांबवतं टायरचं रस्त्याला धरणं." हे वाक्य मला पटलं. घर्षणाचा धडा मी दरवर्षी शिकवते. म्हणजे ब्रेकची तुलना करायची तर आपल्या रस्त्याचा सगळ्यात वाईट दिवस डोळ्यांसमोर आणायला हवा.

तो दिवस मला चांगला माहीत आहे. जव्हारपासून दाभोसा वीसेक किलोमीटर. लेंडी नदीचा सुमारे 300 फुटांचा धबधबा पाहायला पावसाळ्यात गाड्यांची रीघ लागते. याच दिवसांत भाताची आवणी चालू असते. डोक्यावर रोपांच्या मुठी घेतलेल्या बायका, शाळेत निघालेली पोरं, गुरं, सगळं रस्त्याच्या कडेने. शेतातला चिखल डांबरावर येतो. वळणापलीकडे कोण आहे ते दिसत नाही.

अशा उतारावर ताशी 36 किलोमीटर वेग असेल, तर सायकल सेकंदाला 10 मीटर जाते. ओल्या रिमवर रबर आवळलं की ते आधी पाणी पुसतं, मग पकडतं. त्यात एक सेकंद गेला तर 10 मीटर गेले, आणि त्या 10 मीटरांत एखादं पोर चालत असू शकतं. शिवाय चिखलातली रेती रबरात रुतते आणि प्रत्येक ब्रेकला ॲल्युमिनियमची रिम खरवडत जाते. चकती रस्त्यापासून उंच असते, तिच्यावर पाणी आणि चिखल कमी येतो, आलेलं पाणीही लवकर निघतं. झिजली तर चकती बदलता येते, रिमला हात लावावा लागत नाही.

उष्णतेचं गणित मी वहीत मांडलं. मी आणि सायकल मिळून 70 किलो धरले, तर 100 मीटर उंची उतरताना सुमारे 69 हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. लिटरभर पाणी 16 अंशांनी तापवायला ती पुरेल. काही भाग हवा खाते, उरलेला ब्रेक. रिम ब्रेक सतत दाबून उतरलं तर ही उष्णता ट्यूबच्या अगदी शेजारी साठते. डिस्कमध्ये ती टायरपासून दूर राहते.

मग शर्यतीतले लोक इतकी वर्षं रिम ब्रेकवरच का होते, असा प्रश्न पडला. नाशिकच्या दुकानात तो विचारायला जागा होती. शहराच्या महाजन बंधूंनी 2015 मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघाने पूर्ण केली, तेव्हापासून तिथे सायकलवर बोलायला माणसं भरपूर. कळलं ते असं: रिम ब्रेक वजनाला हलका आणि चाक झटकन बदलता येतं. 2016 च्या पॅरिस–रुबे शर्यतीत एका स्वाराने आपली जखम डिस्कमुळे झाल्याचं सांगितलं आणि शर्यतींत चाललेली डिस्कची चाचणी थांबली. सायकलिंगच्या जागतिक संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्कला कायमची मान्यता दिली ती 2018 च्या जुलैत. शर्यतवाल्यांचे प्रश्न ग्रॅम आणि सेकंदांचे. मागे गाडीत मेकॅनिक असतो. माझ्यामागे कोण?

म्हणून जव्हारला परतल्यावर सायकल दुरुस्त करणाऱ्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, केबल तुटली तर लगेच बसवून देतो. तेलाचं काम माझ्याकडं नाही, त्याला नाशिकच गाठायला लागंल." हायड्रॉलिक ब्रेक दोन बोटांत लागतो, चकतीला धरणारे पॅड झिजले की आपोआप जुळवून घेतो, हात दुखत नाही. दाबायला मला तोच सगळ्यात आवडला होता. पण त्याच्या नळीत हवा शिरली तर लिव्हर पोकळ लागते, आणि ती हवा काढायला तसं सामान आणि तसा हात लागतो.

मी केबलवाली डिस्क निवडली, 160 मिलिमीटरच्या चकतीची. तिची कामं आहेत. पॅड झिजतील तसा स्क्रू फिरवून ते जवळ आणायचे. केबलच्या आवरणात पाणी शिरून लिव्हर जड होते, म्हणून पावसाळ्याआधी केबल नवी घालायची. साखळीचं तेल चकतीला लागू द्यायचं नाही, लागलं तर ब्रेक धरत नाही. या फ्रेममध्ये 32 मिलिमीटरचे टायर बसतात, तेही मी घेतले, कारण रस्ता धरायचा तो त्यांनीच.

नाशिकमध्ये राहत असते तर हायड्रॉलिक घेतला असता. फक्त कोरड्या दिवसांत, मैदानी रस्त्यावर चालवणाऱ्याला चांगला रिम ब्रेक पुरेल आणि पैसेही वाचतील. नव्याने घेणाऱ्याने दुकानात शिरण्याआधी स्वतःला विचारावं: माझा रस्ता किती उतरतो, तो किती महिने ओला असतो, आणि ब्रेक बिघडला तर तो उघडू शकणारा माणूस किती लांब आहे? वेग मला हवा म्हणून असतो. थांबणं मात्र त्या रस्त्याने पायी जाणाऱ्यांचं देणं आहे, आणि पैसे आधी तिथे खर्च व्हावेत.