कडक पेडल

आमच्या जीपला डिस्क ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग बसवायचं मी ठरवलं, तेव्हा तिचे मूळचे ब्रेक नीट सेट केल्यावर किती चांगले लागतात हे मी एकदाही तपासलेलं नव्हतं. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथंच आहे.

गाडी सीजे-थ्री-बी, फोर बाय फोर, पेट्रोल. विलीज कंपनीने हे मॉडेल अमेरिकेत 1953 साली आणलं आणि 1968 साली ते तिकडे बंद झालं. आपल्याकडे महिंद्राच्या कारखान्यातून ते त्यानंतरही बरीच वर्षं निघत राहिलं. वडिलांनी आमच्या गाडीचं हूड आणि मागची बाकडी काढून पत्र्याचा हौदा जोडून घेतला होता. उसाचं बेणं, खताची पोती, कडबा, गुळाच्या ढेपा, सगळं त्या हौद्यातून वाहिलं. चाकांत 9 इंची ड्रम, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला होते त्याच मापाचे. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, पत्र्याच्या खालच्या अंगाला. आणि चारही चाकांना मिळून एकच लाइन, त्यामुळे एक होज फुटला की सगळा ब्रेक गेला. हा दोष खरा होता. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर टाकून पुढची आणि मागची लाइन वेगळी करायची, ड्रम लेथवर साफ करून घ्यायचे, नवे लायनर टाकून चारही चाकं सारखी सेट करायची, एवढ्यावर माझी तक्रार बहुतेक मिटली असती. पण मला डिस्कच हवी होती. मोठा भाग बसवला की मोठा फरक पडणार, अशी माझी समजूत होती.

नव्या जमान्यातल्या एका पिकअपचा पुढचा डिस्क-कॅलिपरचा संच जुन्या बाजारात मिळाला. ब्रॅकेट लेथवाल्याकडून करून घेतलं आणि कॅलिपर मी स्वतः बसवले. डावं उजवीकडे गेलं, उजवं डावीकडे. बोल्ट तसेही जुळतात, चाक फिरतं, काही अडत नाही. फक्त हवा काढायचा निपल, जो वर यायला पाहिजे, तो खाली गेला. हवा कॅलिपरच्या माथ्याशी साठते. खालच्या निपलातून कितीही ऑइल सोडलं तरी वरचा बुडबुडा जागचा हलत नाही. मुलगा पेडल मारतोय, मी खाली झोपून निपल सोडतोय-आवळतोय, असा अख्खा रविवार गेला आणि पेडल शेवटपर्यंत मऊच राहिलं. त्यावर मी निष्कर्ष काढला की मास्टर सिलिंडर लहान पडतोय.

मग मोठा आणला. मूळचा 1 इंच बोअरचा होता, हा 1⅛ इंचाचा, दोन कप्प्यांचा, एका जुन्या गाडीचा. त्या गाडीला चारही चाकांना ड्रम होते, ही गोष्ट मला माहीत होती, पण महत्त्वाची वाटली नाही. तो बसवल्यावर पेडल टणक झालं. मी खूश झालो, कारण कडक पेडल म्हणजे चांगला ब्रेक असं मी धरून चाललो होतो. हिशेब उलटा आहे. बोअर एवढा वाढला की पिस्टनचं क्षेत्रफळ पावपटीहून थोडं जास्तच वाढतं आणि पायाचा जोर तोच ठेवला तर लाइनमधला दाब पाचव्या हिश्शाने कमी होतो. मोठ्या पिस्टनने एका दाबात जास्त ऑइल ढकललं, त्यामुळे आतली हवा लवकर दबली आणि दोष झाकला गेला. हवा आतच होती आणि ब्रेक पहिल्यापेक्षा कमी लागत होता.

यापेक्षा मोठा धोका त्या मास्टर सिलिंडरच्या पोटात होता. ड्रम ब्रेकसाठी केलेल्या अशा सिलिंडरमध्ये एक छोटा चेक व्हॉल्व्ह असतो. पाय काढल्यावरही तो लाइनमध्ये सुमारे 10 पीएसआय दाब धरून ठेवतो, म्हणजे चाकातल्या सिलिंडरची रबरं भिंतीला चिकटून राहतात आणि हवा आत शिरत नाही. ड्रमला तो दाब बाधत नाही, कारण आतल्या स्प्रिंगा शूला जोराने मागे ओढतात. डिस्कमध्ये स्प्रिंग नसते. तिथे पिस्टनभोवतीचं रबर दाबाने थोडं वाकतं, दाब गेला की सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे नेतं. माझ्या गाडीत दाब कधी पूर्ण जातच नव्हता. पॅड सतत डिस्कला घासत राहिले.

सपाट रस्त्यावर हे कळलं नाही. ॲव्हरेज कमी झालं होतं, त्याचा दोष मी कार्ब्युरेटरला दिला.

गूळ घेऊन चिपळूणला निघालो होतो. शेजारी चुलतभाऊ बसलेला. वडील असताना कुंभार्ली घाट सुरू व्हायच्या आधी हेळवाकच्या पुढे गाडी थांबवायचे. चारही चाकं जोडायची, दुसरा दांडा लो गिअरमध्ये घालायचा आणि मगच उताराला लागायचं. लो गिअरमध्ये इंजिनचा अडसर सुमारे अडीचपट होतो, ब्रेकला नुसतं टेकवावं लागतं. डिस्क बसवल्यापासून मी हे थांबणं सोडून दिलं होतं. इतक्या वर्षांची चांगली सवय मी नव्या भागांच्या भरवशावर मोडली, आणि या साऱ्यात मला सर्वांत जास्त हेच सलतं.

निम्मा घाट उतरल्यावर जळकट वास आला. भाऊ म्हणाला, "दादा, आपल्याच गाडीचा वाटतोय." पुढच्या वळणाआधी पेडल दाबलं आणि ते सरळ पत्र्याला टेकलं. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. मागची लाइन वेगळी केलेली होती, पण मागचे ड्रम मी सेट केलेलेच नव्हते. त्यांचे शू ड्रमला टेकायच्या आतच पेडल संपत होतं. तिसऱ्यातून दुसऱ्यात गिअर घातला, गाडी ओरडली पण धरली. हँडब्रेक या जीपमध्ये चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. तो थोडा-थोडा ओढत डोंगराकडच्या चरीत डावी चाकं घातली. ढेपा पुढे सरकून केबिनच्या पत्र्यावर आदळल्या. आम्हाला काही झालं नाही. समोरून त्या वेळी काही आलं नाही, एवढंच त्याचं कारण.

पुढच्या चाकावर बाटलीतलं पाणी ओतलं तर ते चर्रकन उडून गेलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट थ्री दर्जाचं कोरं ऑइल निदान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, पण ओलावा धरलेल्या ऑइलची हीच मर्यादा 140 वर येते. माझ्या लाइनमध्ये अर्धवट उरलेल्या बाटल्यांतलं, झाकण उघडं राहिलेलं ऑइल होतं. पॅडच्या घासण्याने ते उकळलं, त्याची वाफ झाली, आणि वाफ दाबून चाक थांबत नाही. घटकाभराने गाडी निवली आणि पेडल जसंच्या तसं वर आलं. त्या क्षणी तपासलं असतं तर काहीच बिघाड सापडला नसता.

चिपळूणचा बेत सोडून गिअरवर हळूहळू परत आलो. आमच्या भागातल्या एका जुन्या मिस्त्रींनी निपल खाली आहेत हे बघताक्षणी ओळखलं. मास्टर सिलिंडर उघडून तो व्हॉल्व्ह त्यांनी माझ्या हातावर ठेवला. नखाएवढा. मी लगेच म्हणालो, "मग टाकूनच देऊ." तसं करून पाहिलं, तर रोज सकाळी पहिल्यांदा पेडल दोन-तीनदा मारल्याशिवाय ब्रेक येईना. सिलिंडर कॅलिपरच्याही खाली असल्यामुळे रात्रभरात ऑइल त्याच्याकडे उतरत होतं. अशा बसवणीत पुढच्या डिस्कच्या लाइनला 2 पीएसआयचा व्हॉल्व्ह लागतो आणि मागच्या ड्रमच्या लाइनला 10 चा. दोन्ही बाहेरून जोडले, कॅलिपर अदलाबदल केले, बोअर पुन्हा 1 इंचाचा केला, मागचे ड्रम सेट केले, ऑइल सीलबंद बाटलीतलं भरलं. तेव्हा कुठे ब्रेक ब्रेकासारखा लागायला लागला.

तरीही एक खोड उरली. जोरात ब्रेक मारला की गाडी एका बाजूला जायची. मी पॅड बदलले, डिस्क लेथवर घेतली, होज बदलला. शेवटी मिस्त्रींनी गाडी सपाट जागी उभी केली, इंजिन चालू ठेवलं, दोन पोरांना पुढच्या बंपरवर चढवलं आणि मला आत बसवलं. "दादा, ब्रेकला पाय लावू नका. स्टिअरिंगला हातही नको, नुसतं बघा." पोरं बंपरवर उड्या मारायला लागली आणि माझ्यासमोर स्टिअरिंगचं चाक आपोआप डावी-उजवीकडे हलू लागलं.

ब्रेकमध्ये दोष नव्हताच. मूळ रचनेत स्टिअरिंग बॉक्समधून निघालेला ड्रॅग लिंक पुढच्या बेल क्रँकला जातो आणि तिथून दोन टाय रॉड दोन चाकांना. पॉवरचा बॉक्स बसवताना मी बेल क्रँक काढून टाकला आणि लिंक थेट चाकाच्या आर्मला जोडला. बॉक्स जिथे सोयीचा वाटला तिथे, उंच. त्यामुळे लिंक बराच तिरका गेला. ब्रेक मारल्यावर गाडीचं नाक खाली जातं, पाटे दबतात, ॲक्सल चासीच्या जवळ येतो. तिरका लिंक आडवा होतो आणि त्याचं टोक बाजूला सरकून चाकच वळवतं. कोणी काही न फिरवता. बॉक्स खाली घेऊन, पिटमन आर्म बदलून लिंक जवळजवळ आडवा केला, तेव्हा ती ओढ थांबली. ब्रेक आणि स्टिअरिंग ही दोन वेगळी कामं आहेत असं समजून मी महिनोन् महिने चुकीच्या चाकात हात घातला.

पॉवर स्टिअरिंगबद्दल मला याहून गंभीर गोष्ट सांगायची आहे. मूळचं स्टिअरिंग जड होतं, ताशी पन्नासच्या पुढे पुढची चाकं थरथरायची. कारण होतं किंग पिनची झिजलेली बेअरिंगं आणि टाय रॉडच्या ढिल्या एंड. हे मी दुरुस्त केलं नाही, वर पॉवर बसवली. हाताला जडपणा आणि थरथर दोन्ही कळेनासं झालं, पण मोकळीक तशीच होती. ती टायरच्या कडा खात होती आणि मला त्याची खबर लागत नव्हती. जुनं स्टिअरिंग दर खड्ड्याला हातात बोलायचं, ते बोलणं मी पैसे देऊन बंद केलं. पुढे किंग पिनची बेअरिंगं बदलून, शिम घालून, स्प्रिंगकाट्याने ओढ मोजून सगळं बसवलं, टो-इन मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर आणला, तेव्हा लक्षात आलं की एवढंच आधी केलं असतं तर पॉवरची गरजच पडली नसती.

बॉक्स चासीला चार बोल्टांनी आवळला होता. त्या जागी चासीचा पत्रा जाड नाही आणि हायड्रॉलिकचा जोर हातापेक्षा किती तरी जास्त. एक दिवस बोल्टाच्या भोकापासून निघालेली चीर दिसली. मी तीवर वेल्डिंग मारून घेतलं. चिरेच्या टोकाला भोक पाडून तिची वाढ थांबवल्याशिवाय वेल्डिंग केलं तर ती वेल्डिंगच्या कडेने पुढे सरकते, आणि तसंच झालं. आता तिथे आतून-बाहेरून पट्ट्या आहेत, बोल्टांना चासीच्या आरपार नळ्या आहेत, आणि बॉक्सपासून समोरच्या चासीपर्यंत एक आडवा पाइप आहे. हे पहिल्या दिवशी करायचं काम होतं.

आरटीओत मी सगळ्यांत शेवटी गेलो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, कंपनीने ठरवून दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करायचा नसतो. शिवाय 2021 पासून 50 वर्षांहून जुन्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, पण त्यासाठी गाडी मूळ रूपात राहिलेली लागते. चासीला भोकं पाडून आणि पट्ट्या मारून मी ती वाट स्वतःच बंद केली. कामाला हात लावण्याआधी एक फेरी मारून विचारलं असतं, तर वडिलांची गाडी त्यांच्या वेळची राहिली असती आणि ब्रेकही सुधारता आले असते.

अजून एक दोष शिल्लक आहे. हौदा रिकामा असला की मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होतात आणि ओल्या मातीत गाडीची शेपूट फिरते. मागच्या लाइनचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह आणला आहे, तो भरल्या आणि रिकाम्या हौद्यासाठी मधोमध कुठे ठेवायचा हे शेतातल्या वाटेवर पाहतोय. झालेल्या बदलांचं काय करता येईल ते कळावं म्हणून लेखी अर्ज दिला आहे. उत्तर येईपर्यंत गाडी शिवाराबाहेर काढायची नाही असं घरात ठरलंय, आणि या हंगामातला गूळ भाड्याच्या टेम्पोने चिपळूणला गेला.