चित्रातले रांजण

सिडकोतल्या आमच्या घरी हौदाच्या झाकणाशेजारी बांबूची एक काठी टेकवलेली असते. आईनं तिच्यावर खिळ्यानं खुणा केल्यात. नळ येऊन गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई झाकण उचलते, काठी बुडवते, ओल कुठवर आली ते बघते आणि मग ठरतं, आज चादरी भिजवायच्या की नळ यायची वाट बघायची. संभाजीनगरात वाढलेल्या कुणाला हे समजावून सांगायची गरज नाही. तरी सांगतेय, कारण 2016च्या मे महिन्यात मलेशियातल्या लंगकावी बेटाच्या बंदरात, एका शिडाच्या बोटीच्या तळाशी गुडघ्यांवर बसून मी अगदी तशीच काठी पाण्याच्या टाकीत बुडवली. त्या काठीवरही खुणा होत्या. बोटीवरचं माझं पहिलं काम तेच ठरलं, आणि तीन आठवडे ते माझ्याकडेच राहिलं.

बोट माझ्या मामेभावाची. दादा पैठणजवळच्या गावचा, मर्चंट नेव्हीत इंजिनियर म्हणून बरीच वर्षं काढून सिंगापूरला स्थिरावलेला. त्यानं आणि वहिनीनं अडतीस फुटांची एक जुनी फायबरची बोट घेतली, स्वतः डागडुजी केली आणि वर्षभर ती दोघं तिच्यावरच राहत होती. नाव ठेवलं 'गोदा'. वहिनी सारखी बोलवायची. मी पैठण तालुक्यातल्या शाळेत भूगोल शिकवते. मोसमी वारे, खारे वारे, मतलई वारे हे सगळं वीस-बावीस वर्षं फळ्यावर बाण काढून शिकवलेलं. समुद्र मात्र गणपतीपुळ्याच्या सहलीपुरताच.

वर्ष मोठं वाईट होतं. 2015च्या पावसाळ्यात मराठवाड्यात सरासरीपेक्षा चाळीस टक्के पाऊस कमी झाला होता, त्याआधीचं वर्षही कोरडंच गेलेलं. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. आमचं जायकवाडी धरणही मृत साठ्यावर आलेलं. अशा वेळी आईला सोडून समुद्रावर फिरायला जायचं, हे मला काही पटत नव्हतं. धाकटी बहीण मुलांना घेऊन राहायला आली आणि आई म्हणाली, "जा तू. येताना पाऊस घेऊन ये."

'गोदा'वर दोन टाक्या होत्या, मिळून तीनशे लिटरच्या. माणसं तीन. दिवसाला वीस लिटरच्या वर जायचं नाही, हा वहिनीचा नियम. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटी पेलाभर गोड्या पाण्यानं विसळायची. आंघोळ समुद्रात, वर येऊन एका तांब्यात अंगावरचं मीठ उतरवायचं. नळाला मोटर नव्हती, पायानं दाबायचा पंप होता. जेवढं दाबाल तेवढंच पाणी, त्यामुळे हातून सांडायचं भय नाही. वहिनी कौतुकानं म्हणाली, की पाहुणे येतात ते दोन दिवसांत टाकी संपवतात, तुला शिकवावं लागलं नाही. मला तिथे कुणी शिकवायची गरजच नव्हती. तांब्याभर पाण्यात तोंड धुऊन उरलेलं झाडाला घालणारी माणसं आम्ही.

लंगकावीहून थायलंडमधलं लिपे बेट तीसेक सागरी मैल. पहिले सहा तास मला बोट लागली. वहिनीनं आल्याचा तुकडा दाढेत धरायला दिला आणि क्षितिजाकडे बघत सुकाणूपाशी बसवलं. दुपारी मळमळ थांबली तेव्हा आजूबाजूला पाहिलं. डावीकडे आकाश निळंभोर, उजवीकडे तारुताव बेटावर शाईसारखे ढग, आणि मधोमध पावसाचा एकच राखाडी पडदा समुद्रावरून चाललेला. मे महिना म्हणजे तिथला सांधा. ईशान्येकडचे वारे संपलेले असतात, नैर्ऋत्येकडचे अजून बसलेले नसतात. वारा दिवसातून तीनदा दिशा बदलतो, कधी पडतोच. दादा शीड चढवायचा, तासाभरात उतरवायचा, इंजिन लावायचा, परत शीड. मोबाइलवर हवामानाचे नकाशे उतरवून तो रोज बघायचा. नकाशावर रोज तेच असायचं : वारा हलका, अधूनमधून वादळी सरी. अधूनमधून म्हणजे नेमकं कधी, ते नकाशात नसतं.

लिपेच्या समोर आदांग नावाचं डोंगराळ बेट आहे. मध्ये खोल, वाहती खाडी. आदांगच्या कडेला बारा मीटर पाण्यात आम्ही नांगर टाकला, साठ मीटर साखळी सोडली. लिपेवर उराक लावोइ लोकांची वस्ती आहे, पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणारी. त्यांच्या लांब निमुळत्या होड्यांच्या नाळेला रंगीत कापडं आणि फुलांच्या माळा बांधलेल्या असतात, होडीच्या देवीसाठी. नारळी पौर्णिमेला आपल्याकडे होड्या सजतात, तशा त्या रोजच सजलेल्या. त्या संध्याकाळी मी डेकवर बसून ज्वारीचं पीठ मळत होते, घरून नेलेलं. बघता बघता पश्चिमेच्या किनाऱ्यावरच्या होड्या एकामागून एक निघाल्या आणि बेटाला वळसा घालून पूर्वेकडे गेल्या. बहुतेक मासेमारीला चालल्या असतील, असं मला वाटलं.

झोपण्याआधी दादानं मला एक गोष्ट शिकवली. लिपेच्या टोकावर एक दिवा होता, त्याच्या मागे वरच्या बाजूला दुसरा. आमच्या बोटीवरून ते दोन्ही एकावर एक दिसत होते. "हे एका रेषेत आहेत तोवर आपण जागेवर आहोत," तो म्हणाला. "फाकले की समज, नांगर घसरतोय."

साडेतीनला त्यानं पायाला हलवून उठवलं. बाहेर हवा ठार बंद होती. पश्चिमेला ढगांची एक लांबच लांब काळी कमान, खालून किंचित उजळलेली, आणि तिच्या आत विजा. गडगडाट मात्र नाही. मग अंगावर एकदम थंड वारा आला, फ्रिजचं दार उघडल्यासारखा. "सुमात्रा," दादा एवढंच म्हणाला. सुमात्रा बेटावर रात्री जमणारे ढग पहाटेच्या सुमाराला रांग धरून मलाक्काच्या सामुद्रधुनीवर येतात, एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत कधीही. खलाशी त्या वादळाला बेटाचंच नाव देतात. हे पुस्तकात असतं तर मी विद्यार्थ्यांना दोन ओळींत सांगून पुढे गेले असते.

वारा आला तो आडवाच. बोट एका कुशीवर कलली, साखळी ताणली गेली आणि सबंध बोटीतून दात खाल्ल्यासारखा आवाज निघाला. वाऱ्याचा काटा बेचाळीस नॉटवर गेला, म्हणजे ताशी पाऊणशे किलोमीटरच्या वर. वहिनी इंजिन लावून सुकाणूवर उभी. दादा पुढे नाळेवर, पोटावर पडून, साखळीवर हात ठेवून. नांगर घसरू लागला की साखळी हाताला थरथरते म्हणे. माझं काम दिवे बघायचं. मी डोळे न मिटता बघत होते, आणि ते दोन दिवे हळूच एकमेकांपासून सुटले.

"दादा, दिवे फाकले!"

आमच्या मागे खडक होते. वहिनीनं इंजिनाला हलका पुढचा जोर दिला, साखळीवरचा ताण कमी झाला. दादानं आणखी वीस मीटर साखळी सोडली. तेवढ्यात पाऊस कोसळला आणि दोन्ही दिवे दिसेनासे झाले. पुढची चाळीस मिनिटं मी काय बघत होते, मला सांगता येणार नाही. समोर फक्त पाणी होतं, आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती : हाच पाऊस. आई ज्याची वाट बघत्येय, आमच्या गावचे लोक पेपरात ज्याची बातमी शोधतात, तोच हा. आणि मी हात जोडून त्याला थांब म्हणत होते.

नांगर धरला. वारा पडला, पाऊस मात्र संथ लागून राहिला. तसं वहिनीनं ओरडून मला पुढे बोलावलं. सुकाणूवरची ताडपत्री आम्ही पसरली, चारी कोपरे ताणून बांधले, मध्ये एक दगड ठेवला. दगडाच्या जागी कापडाला भोक आणि त्याला रबरी नळी. आता नळी लगेच टाकीत सोडायची नाही. वहिनीनं नळीतून ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं. "खारट." ताडपत्रीवरचं मीठ अजून धुऊन जायचं होतं. पाच मिनिटांनी पुन्हा. "अजून थोडं." तिसऱ्यांदा तिनं ओंजळ माझ्यापुढे धरली. मी चाखलं. गोडं पाणी.

नळी टाकीच्या तोंडात गेली. रिकाम्या टाकीत पाणी पडतानाचा तो आवाज मला ओळखीचा होता. आमच्याकडे नळ यायच्या आधी तोटीतून हवा सुसाटते, मग दोन-चार थेंब, मग धार, आणि अख्खी गल्ली जागी होते. मी तिथे आदांगच्या अंधारात, चिंब भिजून, काठी हातात घेऊन बसले होते आणि ओल एकेक खूण चढत होती. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी, हे मी दरवर्षी शिकवते. ताडपत्री सहा चौरस मीटरची. उजाडेपर्यंत टाकीत दीडशे लिटर भरलं. म्हणजे पंचवीस मिलिमीटर तर पडलाच, सांडलेला वेगळा.

सकाळी लिपेच्या त्या होड्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावर जशाच्या तशा उभ्या होत्या. एकीचंही कापड फाटलेलं नव्हतं. "आपण नकाशा बघत होतो," दादा म्हणाला, "आणि अंदाज काल संध्याकाळी आपल्या डोळ्यांसमोरून गेला." त्यानंतर तो जिथे थांबेल तिथे आधी स्थानिक होड्या कुठे बांधल्यात ते बघायचा.

पुढचे दिवस असेच, सरींच्या मधल्या फटींतून बेटामागून बेट. सगळी सांगत बसत नाही. एका जागेचं सांगायला हवं. को रॉक नावाच्या दोन जुळ्या बेटांमध्ये पाणी इतकं नितळ, की नांगर वाळूत पडलेला वरून दिसतो. चष्मा लावून उतरले तर खाली प्रवाळ पांढरं पडलेलं. एखाद्या ठिकाणी नाही, झाडंच्या झाडं, हाडांसारखी. पाणी अंगाला कोमट लागत होतं. त्या वर्षी समुद्र तापून जगभर प्रवाळ असं पांढरं पडलं. कारण एल निनो. त्याच एल निनोनं 2015 साली आमचा पाऊस ओढून नेला होता. हजारो किलोमीटरांवरच्या दोन गोष्टी, कोरडं जायकवाडी आणि ही हाडं, एकाच हातानं केलेल्या. मी वर आले, दादाला म्हटलं, मला आता पोहायचं नाही.

18 मेच्या सुमाराला आम्ही फुकेतला पोचलो. वारा तोवर नैर्ऋत्येला बसला होता. लाटा लांब, एकाच दिशेच्या. बहिणीनं फोनवर वाचून दाखवलं : अंदमानच्या समुद्रात मोसमी पाऊस दाखल. दर मे महिन्यात आमच्याकडे ही बातमी कापूस-तूर लावणारा माणूस पेपर पुढ्यात घेऊन दोनदा वाचतो. मी त्याच समुद्राच्या पूर्वेच्या काठाला उभी होते आणि ती बातमी माझ्या केसांतून वाहत होती. आईनं फोन घेतला. "किती आहे गं पाऊस?" मी म्हटलं, खूप आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "येईल इकडे."

येताना आदांगच्या पावसाची एक लिटरची बाटली सामानात घालून आणली. मला वाटलं आई तुळशीला घालेल. तिनं हौदाचं झाकण उचललं आणि ती आत ओतली. त्या पावसाळ्यात लातूरला पाणी देणारं मांजरा धरण भरलं. मी घराच्या गच्चीचं पाणी नळीनं हौदात घेतलं. पहिली सर गच्ची धुऊन जाऊ द्यायची, मग जिभेला लावून बघायचं, मग नळी आत, वहिनीची रीत.

हिवाळ्यात शाळेची सहल अजिंठ्याला नेली. दोन नंबरच्या लेण्यात भिंतीवर एक जहाज आहे. सोपारा बंदरातल्या 'पूर्ण' नावाच्या व्यापाऱ्याची कथा, त्याच्या भावाचं चंदनानं भरलेलं जहाज वादळात सापडतं आणि वाचतं. लहानपणापासून मी ते पाहत आलेय. मुलांना नेहमी दाखवायची तीन उंच शिडं, सुकाणूची वल्ही. त्या दिवशी माझी नजर जहाजाच्या टोकाकडे गेली. तिथे रांजण मांडलेले आहेत, ओळीनं. अभ्यासक त्यांत काय होतं याचा विचार करोत. मला शंका नाही. दीड हजार वर्षांपूर्वी समुद्रापासून इतक्या दूर, या कोरड्या डोंगरात ते चित्र काढणाऱ्याला माहीत होतं, की सगळीकडे पाणी असलेल्या जागी जाताना माणसानं पाणी बरोबर न्यायचं असतं. ज्यानं रांजणाशिवाय जहाज काढलं नाही, त्याच्याशी माझी त्या दिवशी ओळख झाली.

याच चित्रावरून गोव्यात 'कौंडिण्य' हे जहाज बांधलं गेलं, खिळ्यांशिवाय, काथ्याच्या दोरीनं फळ्या शिवून. 21 मे 2025 रोजी ते कारवारला नौदलात सामील झालं, आणि डिसेंबरात पोरबंदरहून शिडांवर निघून मस्कतला पोचलं. बातमी आली तेव्हा मी आईला फोटो दाखवला. तिनं विचारलं, "प्यायचं पाणी कुठे ठेवतात?"

तुम्ही अजिंठ्याला जाणार असाल तर सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. दोन नंबरच्या लेण्यात शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन-चार मिनिटं थांबा. आणि शिडांच्या आधी रांजण बघा.