पंख मागवताना

घरी बांधायचं विमान एकदम येत नाही, ते हप्त्याहप्त्याने येतं. आधी शेपूट, मग पंख, मग धड, आणि शेवटी चाकं, काच, इंजिनावरचं झाकण असं उरलंसुरलं. इंजिन, प्रॉपेलर आणि कॉकपिटमधली उपकरणं वेगळी घ्यायची. ओहायोतल्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये शेपूट पूर्ण होऊन भिंतीवर टांगलेलं आहे. गेल्या हिवाळ्यात पंखांची ऑर्डर द्यायची वेळ आली.

वडोदऱ्याला फोनवर हे सांगितलं की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "म्हणजे रिमोटवालं ना?" नाही हो. दोन माणसं शेजारीशेजारी बसून उडतील असं खरं विमान. ‘आरव्ही-७ए’ हे त्याचं नाव. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे २५ फूट. त्याचे सुटे भाग ऑरेगन राज्यातली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी विकते. कापलेले, भोकं पाडलेले ॲल्युमिनियमचे पत्रे आणि जाडजूड नकाशे येतात, बाकीचं सगळं आपण करायचं. आमच्या ह्यांचं पायलटचं लायसन्स बरंच जुनं आहे आणि विमान बांधायचं वेड त्याहूनही जुनं. मला असलं वेड नाही. पण विमानातली उजवी सीट माझी आहे, म्हणून ऑर्डरचा कागद मी ओळीओळीने वाचला.

त्या उजव्या सीटबद्दल थोडं सांगायला हवं. इथल्या कायद्यानुसार निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केलेलं असेल, तरच विमानाला ‘घरी बांधलेलं’ म्हणून परवाना मिळतो. शेवटी तपासनीस येतो, कागदपत्रं आणि विमान बघतो. नंतरचे पहिले २५ किंवा ४० तास, इंजिन आणि प्रॉपेलरची जोडी कोणती आहे त्यावर अवलंबून, चाचणीचे असतात. त्यात हौसेखातर कुणाला शेजारी बसवता येत नाही. आणि त्यानंतरही प्रवाशाला दिसेल अशी एक पाटी विमानात लावावीच लागते. हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षा नियम ते पाळत नाही, अशा अर्थाची. ती पाटी मी रोज वाचणार आहे. म्हणून पंखात काय असावं आणि काय नसावं, यात बोलायचा मला हक्क आहे असं मी धरून चालले.

कागद पहिल्यांदा वाचताना हॉटेलातल्या मेन्यूकार्डासारखा वाटतो. हे हवं का? ते हवं का? समोर किंमत. पण मेन्यूकार्डात आज बासुंदी नको म्हटलं तर उद्या मागवता येते. पंखाचं तसं नाही. पंखात एक भक्कम तुळई असते, तिला आडव्या बरगड्या जोडायच्या, वरचा पत्रा रिव्हेटने ठोकायचा आणि सगळ्यात शेवटी खालचा पत्रा. तो बसला की पंख बंद. मग आत हात घालायला खालच्या बाजूला दोनचार छोट्या खिडक्या, एवढंच.

माझ्या वडिलांनी कारेलीबागेत घर बांधलं तेव्हा स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी ते हातात कंदील घेऊन सळयांवरून फिरत होते. पंख्यांचे हूक, वायरिंगचे पाईप सगळं जागेवर आहे ना, हे बघत. एका खोलीत त्यांनी एक जादा पाईप टाकून ठेवला होता. त्यातून वायर गेली कित्येक वर्षांनी, एसी आला तेव्हा. स्लॅब भरल्यावर छिन्नी घेऊन बसावं लागतं, आणि विमानाच्या पंखाला तर छिन्नी लावायचीच सोय नाही. मी ह्यांना म्हटलं, "अहो, या कागदावर होय आणि नाही असे दोनच रकाने आहेत. तिसरा आपण आखू. जागा ठेवा." पेन्सिलीने आखलाही. पुढचे आठ दिवस आमची सगळी चर्चा या तीन रकान्यांत झाली.

पहिला प्रश्न सगळ्यात मोठा होता. पंख सुटे मागवायचे की अर्धे बांधलेले? अर्धे बांधलेले मागवले तर बराचसा सांगाडा कारखान्यात जोडून येतो, कायद्यातलं निम्म्याहून जास्त काम तरीही आपल्याकडे राहतं आणि शेकडो तास वाचतात. पैसे अर्थातच हजारो डॉलर जास्त. ह्यांची साठी जवळ आलेली. मी म्हटलं, वेळ विकत मिळत असेल तर घ्यावा. हे थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अगं, मला विमान हवंय त्याच्यापेक्षा जास्त ते बांधायला हवंय."

याच्यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही. पण एक अडचण होती. रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून रिव्हेट गन धरायची, दुसऱ्याने आतून लोखंडाचा जड ठोकळा रिव्हेटच्या शेपटीला टेकवून ठेवायचा. ठोकळा तिरका झाला तर रिव्हेट वाकतो, मग तो ड्रिलने काढा आणि परत सुरुवात. पंखात हा ठोकळा अरुंद जागेत, बरगड्यांच्या मधून हात घालून धरावा लागतो. ह्यांचे हात मोठे. शेपटाच्या वेळी ठोकळा मीच धरला होता. म्हणजे सुटे पंख मागवणं हा माझाही पुढच्या दोन हिवाळ्यांचा निर्णय होता. कानात बोळे घालून, कोपरापर्यंत हात ॲल्युमिनियमच्या डब्यात. मी ‘सुटे’वर खूण केली.

नंतरची ओळ गमतीची होती. उलटं उडायचं आहे का? हे विमान कोलांट्या मारू शकतं. उलटं झालं की पेट्रोल टाकीच्या छताकडे जातं आणि तळाशी असलेल्या नळीत हवा शिरते. म्हणून टोकाला वजन लावलेली एक लवचीक नळी मिळते, पेट्रोल जिकडे जाईल तिकडे ती लोंबते. ही नळी टाकी बंद करायच्या आधीच बसवावी लागते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघितलं. ‘नाही’. हा एकच निर्णय चर्चेविना झाला.

टाकीच्याच दुसऱ्या ओळीवर मात्र वेळ गेला. पेट्रोल किती आहे हे कळायचं कसं? एक पद्धत जुनी. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत असतो तसा दांडीवर तरंगणारा गोळा. दुसरी पद्धत इलेक्ट्रॉनिक. आत धातूच्या पट्ट्या बसवायच्या आणि त्यांच्यामध्ये पेट्रोल किती भरलंय हे विजेने मोजायचं. दुसरी नवी दिसते, पण पट्ट्या टाकीच्या पोटात असतात. पंखाची पुढची कड हीच टाकी असते. आतून काळा, चिकट, उग्र वासाचा लेप लावून ती गळतीबंद करतात. हातमोजे, केस, दाराची मूठ, कुठेही लागला तर सुटत नाही असा तो लेप. अशी बंद केलेली टाकी परत उघडायची कुणालाच हौस नसते. गोळा मात्र टाकीच्या कडेला, स्क्रूने बसणाऱ्या झाकणावर असतो. बिघडला तर टाकी न फोडता काढता येतो. आम्ही गोळा घेतला. तसंही उडण्याआधी पट्टी बुडवून पेट्रोल डोळ्यांनी बघायचं असतं. दोन्ही टाक्या मिळून १५९ लिटर, आणि काट्यावर भरवसा ठेवू नये हे पायलटला पहिल्याच वर्गात शिकवतात.

खरा वाद झाला तो पिटोवरून. पिटो म्हणजे पंखाखाली पुढे तोंड करून असलेली बोटाएवढी नळी. समोरून येणारी हवा तिच्यात शिरते आणि त्या दाबावरून वेग कळतो. नळीत बर्फ साचला तर वेगाचा काटा खोटं बोलतो. २००९ साली एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला निघालेलं विमान अटलांटिकवर पडलं, २२८ माणसं गेली. त्याची सुरुवात पिटो नळ्यांत साचलेल्या बर्फाच्या कणांनी झाली होती. म्हणून विजेने तापणारी पिटो मिळते. ती बसवायला तुळईजवळ एक आधार लागतो, विजेची जाड तार लागते. दोन्हीची तयारी पंख बंद व्हायच्या आधी करायची.

हे म्हणाले, घेऊ या. मी म्हटलं, नको. माझं म्हणणं असं होतं की ह्यांच्याकडे ढगांतून उडण्याचा, नुसत्या उपकरणांवर विसंबून उडण्याचा परवाना नाही. तापणारी पिटो लावली की आज ना उद्या मन म्हणेल, एवढ्याशा ढगातून जायला काय हरकत आहे? हे म्हणाले, "आणि चुकून शिरलो तर? तेव्हा काटा बरोबर दाखवायला नको?" दोघांचंही खरं होतं. दोन दिवस तो रकाना रिकामा राहिला.

तिसऱ्या दिवशी ह्यांनीच एक गोष्ट सांगितली आणि त्यावर निर्णय झाला. पिटो तापते, पण पंख तापत नाही. ओहायोच्या हिवाळ्यात ढगात शिरलं तर बर्फ पंखाच्या पुढच्या कडेवरही साचतो. पंखाचा घाट बिघडतो, वजन वाढतं आणि वर उचलण्याची ताकद कमी होते. मोठ्या विमानांत त्यावर उपाय असतात, या पंखात काहीही नाही. म्हणजे तापणारी पिटो ही ढगात जायची परवानगी नव्हेच. ती फक्त बाहेर पडेपर्यंत वेग नीट दाखवेल. हे एकदा स्वच्छ झाल्यावर मी हो म्हटलं, पण एका अटीवर. परवाना मिळेपर्यंत ढगात जायचं नाही, आणि परवाना मिळाला तरी बर्फ असलेल्या ढगात कधीच नाही. ते एका कागदावर लिहून दोघांनी खाली सही केली. मुलीने फोटो बघून विचारलं, "आई, हे काय, मालमत्तेची वाटणी चाललीय का?"

मी स्वतः आग्रह धरला तो ऑटोपायलटचा. विमान पातळीत धरून ठेवणारी छोटी मोटर उजव्या पंखात बसते. चुकून ढगात शिरलेला माणूस काही दिसेनासं झाल्यावर गोंधळतो, त्याचे कान आणि पोट त्याला खोटी दिशा सांगतात. अशा वेळी मशीन गोंधळत नाही. पण हे उडेपर्यंत अजून काही वर्षं जातील आणि इलेक्ट्रॉनिक्स तोवर जुनं होईल. म्हणून मोटरचा आधार आणि तारांसाठी बरगड्यांतून जाणारी प्लास्टिकची नळी आत्ता, मोटर शेवटी. ‘जागा ठेवा’ या रकान्यातली ही सगळ्यात ठळक खूण.

दिवे सोपे निघाले. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा हे रात्रीसाठी सक्तीचेच आहेत. उतरतानाचा दिवा पंखाच्या कडेला खिडकी कापून बसवता येतो किंवा पंखाच्या टोकात. चांगला पत्रा कापायचं माझ्या जिवावर आलं. टोकं स्क्रूने निघतात, दिवा तिथेच राहू दे. तारेची नळी तिथपर्यंत जाते आहेच.

हे सगळं ठरवताना मला मुंबईच्या कॅप्टन अमोल यादव यांची आठवण येत होती. कांदिवलीतल्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली. त्यांच्यासमोर ऑर्डरचा कागद नव्हता. आम्ही ज्या पंधरा-वीस ओळींवर आठ दिवस घातले, तसे हजारो निर्णय त्यांना कुणी प्रश्नही न विचारता स्वतःहून घ्यावे लागले असणार, आणि शेजारी त्याच वाटेने आधी गेलेला कुणी नाही. आमच्या कामाला मी त्यानंतर फार मोठं म्हणत नाही. आमच्या आधी कितीतरी लोकांनी हेच विमान बांधून उडवलेलं आहे, आणि अडलं तर विचारायला माणूस सापडतो.

तरीही आमच्यापुरतं मला एक कळलं. ज्या वस्तू बाहेरून स्क्रूने बसतात, त्यांची घाई करू नये. ज्या पत्र्याआड जाणार, त्यांचा विचार आधी पूर्ण करावा. आणि ज्याबद्दल खात्री नाही तिथे वस्तू घेऊ नये, पण वाट मोकळी ठेवावी. पाच रुपयांची नळी आज, पाचशेची वस्तू उद्या.

ऑर्डर गेली आहे. लाकडी खोकी ट्रकने येतील, तेव्हा शेजारच्या दोन घरांतली माणसं उतरवायला येणार आहेत. त्यांना पोहे कबूल केले आहेत. गाडी आता दोन हिवाळे अंगणात राहील. गॅरेजमध्ये कपाटाच्या दाराआड ढगांबद्दलचा तो कागद चिकटवला आहे. कंपनीच्या फॉर्मवर त्याच्यासाठी ओळ नव्हती, आणि विमान पूर्ण झाल्यावर तो पाटीच्या बरोबर खाली लावायचा असं आमचं ठरलं आहे.