शेवरीची फणी

"मांजराला कोण विंचरतं गं?" शेवरी घरी आली तेव्हा सासूबाईंनी हे अगदी मनापासून विचारलं होतं. त्यांचं माहेर राजापूरकडचं. तिथे माजघरापासून गोठ्यापर्यंत मांजरांचा राबता. एखादी वैलापाशी ऊब घेत पडलेली, एखादी भाताच्या कणगीमागे व्यायलेली. त्यांच्यासाठी कुणी कधी फणी आणली नाही. आपलं अंग आपण चाटून ती लख्ख असायची. एक पाय आभाळाकडे ताणून उन्हात तासन् तास चाललेलं ते काम ज्याने पाहिलं आहे, त्याला मांजराच्या अंगाला माणसाचा हात लागतो हे पटणं कठीणच.

त्या बरोबरच होत्या, पण राजापूरच्या मांजरांपुरत्या.

मांजराची जीभ हे फार विचारपूर्वक घडलेलं अवजार आहे. तिच्यावर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात, आपली नखं ज्या केराटिनची बनतात त्याच केराटिनचे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या काट्यांची एक नवीच गोष्ट पुढे आली. काट्याचं टोक भरीव नसतं, त्याला पोकळ खाच असते. त्या खाचेत लाळ आपोआप चढते आणि चाटताना थेट केसांच्या मुळाशी उतरते. घाण निघते, आणि लाळ वाळताना अंगाची उष्णताही घेऊन जाते. घरच्या मांजरापासून वाघ-सिंहांपर्यंत सहा जातींच्या जिभा त्यांनी तपासल्या. रचना सगळीकडे तीच. काटे कातडीपर्यंत पोचतात का, हेही त्यांनी मोजलं. बहुतेकांचे पोचतात. पर्शियन मांजराचे मात्र पोचत नाहीत, कारण त्याच्या केसांचा थर दाबला तरी त्या काट्यांच्या लांबीपेक्षा जाडच राहतो.

शेवरी पर्शियन. राखी-पांढरी, कापूस फुटल्यासारखी, म्हणून शेवरी.

हे लांब केस आले कुठून, याची हकिगत मला फार आवडते. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाच्या इटालियन प्रवाशाने १६२० मध्ये इराणमधून लिहिलेल्या पत्रात खोरासानच्या लांब, रेशमी केसांच्या मांजरांचं वर्णन केलं आणि ती मायदेशी नेण्याचा मनसुबाही सांगितला. (हाच माणूस पुढे १६२३ मध्ये आपल्या गोव्यात येऊन राहिला होता.) अडीचशे वर्षांनी, १८७१ मध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर यांनी मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्यात पर्शियन म्हणवली जाणारी मांजरं होती. आणि २००८ मध्ये जनुकं तपासली तेव्हा आजच्या पर्शियनांचं गोत्र इराणपेक्षा पश्चिम युरोपातल्या मांजरांशी जुळलं. नाव इराणचं, घडण युरोपातली. केस कुठवर वाढायचे आणि कधी थांबायचे याचा निरोप देणारं एक जनुक असतं, एफजीएफ५. ते आई आणि बाप दोघांकडून बिघडलेलं आलं तर निरोप पोचत नाही आणि केस वाढत राहतात. रानात असं पिल्लू झालं तरी त्याचं फारसं पुढे चाललं नसतं. माणसाला मात्र ते देखणं वाटलं. त्याने तसलीच मांजरं निवडली, जोड्या लावल्या, केस पिढ्यानपिढ्या दाट करत नेले. जीभ होती तेवढीच राहिली.

म्हणून पर्शियन मांजराला विंचरणं हे माणसाच्या बाजूचं देणं आहे, असं मी मानते. पण ज्याला ते द्यायचं त्याला याची काहीच कल्पना नसते. त्याला एवढंच दिसतं की एक भलामोठा प्राणी हातात दातेरी वस्तू घेऊन वरून आपल्यावर येतो आहे.

शेवरी आमच्याकडे आली ती मोठी होऊनच. आधीचं कुटुंब परदेशी गेलं. त्यांच्याकडे तिला टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळून दोघांनी धरायचं आणि तिसऱ्याने ब्रश फिरवायचा, अशी रीत होती. त्यांनीही ते काळजीपोटीच केलं असणार. पण परिणाम असा की खणातून ब्रश काढल्याचा नुसता आवाज आला तरी ती दिवाणाखाली. कानामागे, काखेत आणि मांड्यांच्या मागे जटा. काखेतली जट मला आधी बोटांना लागली, मग दिसली: चपटी, घट्ट, अगदी कातडीला टेकलेली. ती पाऊल टाकायची तेव्हा जट कातडी ओढायची, म्हणून ती आखूड पावलं टाकत होती. ठाण्याच्या पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तिथे जटेखालची कातडी कुठून वाळणार? ती ओलसर आणि लालभडक झाली होती.

अशा जटा घरी काढायला जाऊ नये. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. जट उचलली की तिच्याबरोबर कातडीही वर येते आणि कात्रीत सापडते. अंघोळ घालावी तर भिजून जट आणखी आवळते. आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं आणि तेवढी जागा मशिनने साफ करून घेतली. केस परत यायला काही महिने लागणार होते. ते महिने आम्हाला फार मोलाचे ठरले, कारण तेवढा वेळ तिला विंचरायची घाई उरली नाही.

या टप्प्यावर मला मेरी कव्हर जोन्स या बाईंची आठवण येते. १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात न्यूयॉर्कमध्ये त्यांनी पीटर नावाच्या, तीन वर्षांच्याही आतल्या मुलाची भीती घालवली. पीटर सशाला घाबरायचा. फरचा कोट, पिसं, कापूस, काहीही मऊ-केसाळ दिसलं की रडायचा. जोन्सबाई त्याला खुर्चीत बसवून आवडीचा खाऊ द्यायच्या आणि पिंजऱ्यातला ससा खोलीत ठेवायच्या, तोही अशा अंतरावर की मुलाचं खाणं थांबू नये. मग ससा थोडा जवळ. मग आणखी थोडा. शेवटी पीटर सशाला आपणहून कुरवाळू लागला. शंभर वर्षं झाली, पण घाबरलेल्या जिवाजवळ कसं जावं याची याहून साधी रीत मला माहीत नाही. इथे फक्त बाजू उलटल्या होत्या. केसाळ प्राणीच माणसाच्या हाताला भीत होता.

तेव्हा आधी ब्रश गेला. त्या विशिष्ट ब्रशाशी तिचं जे वैर होतं ते तसंच राहू दिलं. त्याच्या जागी आणला लहान मुलांचा मऊ टूथब्रश. तो तिच्या ताटलीपासून हातभर अंतरावर फरशीवर ठेवून दिला, नुसता. जेवण झालं की ती त्याच्या बाजूने वळसा घालून जायची. मग वळसा लहान झाला. एका दुपारी ती थांबली, मान लांब करून तिने टूथब्रश हुंगला आणि त्याच्या दांड्यावर गाल घासला. मांजराच्या गालात, हनुवटीत आणि डोळ्या-कानाच्या मधल्या जागेत वासाच्या ग्रंथी असतात. जिथे गाल घासला ती वस्तू आता ओळखीची, असा तो शिक्का. त्या दांड्यावर शेवरीचा शिक्का बसला तेव्हा मला झालेला आनंद मी सांगू शकत नाही.

खाऊ काय द्यावा यावर घरात थोडी चर्चा झाली. सासूबाई दुधावरची साय घेऊन बसल्या होत्या, तीही साखर घातलेली. मांजराला गोड चव कळतच नाही. गोडी ओळखणाऱ्या रचनेतलं एक जनुक त्याच्यात निकामी असतं, हे २००५ मध्ये सिद्ध झालं आहे. मग सुकट आली, पण तिच्यात मीठ फार. शेवटी उकडलेल्या कोंबडीचे नखाएवढे तुकडे ठरले. हा खाऊ एरवी कधीच मिळायचा नाही, फक्त त्या टूथब्रशासोबत. टूथब्रश आधी दिसला पाहिजे, खाऊ मागून. क्रम उलटा झाला तर खाऊ हेच संकटाचं चिन्ह होऊन बसतं, आणि मांजर खाऊ पाहून पळू लागतं.

कुठून सुरुवात करायची हे मांजरांनीच सांगून ठेवलं आहे. दोन मैत्रीतली मांजरं एकमेकांना चाटतात ती बहुतेक डोक्याला आणि मानेला. आईची जीभ तर पिल्लाला पहिल्या श्वासापासून ठाऊक असते. पहिले काही आठवडे तिने चाटल्याशिवाय पिल्लाला शू-शीसुद्धा होत नाही. ओलसर केलेला मऊ टूथब्रश गालावरून कानाकडे हलकेच ओढला की त्याचा स्पर्श जिभेच्या जवळ जातो. शेपटीच्या बुडाशी मात्र सगळं बदलतं. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात मांजरांच्या अंगावर वेगवेगळ्या ठिकाणी हात फिरवून पाहिला, तेव्हा सगळ्यात जास्त नाराजी शेपटीच्या बुडाशीच दिसली. आणि माणसं ब्रश घेतात ते डोक्यापासून शेपटीपर्यंत एका दमात फिरवायला!

शेवरीची नाराजी मी वाचायला शिकले. मांजर एकदम पंजा मारतं असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. पंज्याच्या आधी शेपटीचं टोक हलतं, फक्त टोक. एक कान किंचित बाहेरच्या बाजूला वळतो. घुरघुर थांबते. पाठीवरची कातडी लहरते, जणू पाण्यावरून वारा गेला. मग मान हाताकडे वळते. एवढं सगळं सांगून झाल्यावर पंजा येतो. शेपटीचं टोक हललं की माझा हात थांबायचा आणि टूथब्रश खाली जायचा. पुढे पुढे तर टोक हलायच्या आधीच मी थांबू लागले. तिला अजून हवं असतानाच बास करायचं. ती डोकं पुढे काढून टूथब्रश शोधू लागली ती त्यानंतर.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिची वाट अडवायची नाही. मांडीवर घ्यायचं नाही, बगलेत धरायचं नाही, खोलीचं दार लावायचं नाही. ती फरशीवर, मी फरशीवर, पंखा चालू, दोन्ही बाजू मोकळ्या. जायचं असेल तर ती जाते. आणि जाता येतं हे कळल्यापासून ती जायची थांबली. मी एका जागी बसते, कामं पडून राहतात आणि तेवढा वेळ माझ्या आयुष्यात दुसरं काहीच घडत नाही. याचा मला पश्चात्ताप नाही.

टूथब्रशानंतर रबरी हातमोजा, मग रुंद दातांची स्टीलची फणी. फणी केसांच्या दिशेनेच, कातडीला टेकवायची पण दाबायची नाही. किती दाबतोय हे आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून पाहावं. गुंता लागला तर फणी ठेवून बोटं वापरायची. लहानपणी आई वेणी घालताना केस मुळाशी मुठीत धरायची, म्हणजे गुंत्याचा हिसका डोक्याला बसायचा नाही. अगदी तसंच दोन बोटांनी गुंत्याचं मूळ कातडीपाशी धरायचं, चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळायचं आणि टोकाकडून एकेक केस सोडवत यायचं. एका बैठकीत एक गुंता सुटला तरी पुष्कळ.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. रोज गुमान विंचरून घेणारं मांजर एक दिवस फिस्कारलं, तर त्याला नखरे म्हणू नये. २००२ मध्ये बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले होते. त्यांतल्या नव्वदांच्या सांध्यांत झीज निघाली. दुखणं मांजर तोंडाने सांगत नाही. ते कंबरेपाशी चाटायचं सोडतं, तिथले केस पुंजक्यापुंजक्यांनी चिकटतात आणि फणी नेमकी तिथे गेली की ते चवताळतं. लठ्ठ मांजराचं तोंड तर पाठीपर्यंत पोचतच नाही. ब्रश आवडत नाही असं आपण ज्याला म्हणतो, त्याच्या मुळाशी कितीदा दुखरी कंबर, कानातली पुळी नाहीतर दुखणारा दात असतो! आधी डॉक्टर, मग फणी.

सासूबाईंचे गुडघे कामातून गेले आहेत. संधिवात म्हटल्यावर त्यांना पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. आता संध्याकाळी टीव्हीसमोर त्या खुर्चीत असतात, शेवरी खुर्चीखाली. रबरी मोजा त्यांच्या हातात. "ये हो बायो," म्हणून हात खाली सोडतात. शेवरी आपली पाठ त्या हाताखालून स्वतःच नेते, वळते आणि परत नेते. हात हलत नाही, मांजर हलतं. निघालेले केस त्या मोज्यावरून सोलून काढतात आणि त्याचा गोळा वळून मला दाखवतात. तेवढे केस तिच्या पोटात जायचे वाचले.

पोट मात्र शेवरीने अजून दिलेलं नाही. ती उताणी झोपते, पोटावरचे केस पंख्याच्या वाऱ्याने भुरभुरतात, आणि फणी बरगडीच्या खाली उतरली की दोन्ही मागचे पाय वर येतात. छातीच्या खालपर्यंत आम्ही आलो आहोत. त्यापुढचं मी मागत नाही. पाऊस सुरू व्हायच्या आधी डॉक्टर तिच्या पोटावर आणि मांड्यांच्या आत मशिन फिरवून देतात, म्हणजे जट व्हायला केसच उरत नाहीत. ते काम तिला आवडत नाही, पण वर्षातून एकदाच असतं आणि माझ्या हातून होत नाही. घरी आलो की दोन दिवस फणी खणातच राहते. तिसऱ्या दिवशी मी टूथब्रश घेऊन गालापासून पुन्हा सुरुवात करते.