लांबीला लोकल, रुंदीला बस

जालन्याहून बेटावर जायचं तर होडी लागेल का? आमच्या चौथीच्या वर्गात हा प्रश्न विचारला, तेव्हा सगळी मुलं एका सुरात ओरडली, "हो बाई!" पण रात्री जालन्याला देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसलेली कितीतरी माणसं सकाळी बेटावरच उतरतात. त्या बेटाचं नाव मुंबई!

पूर्वी तिथं सात लहान बेटं होती : कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. मधल्या पाण्यात भराव टाकून त्यांचं एक बेट झालं. त्याच्या उत्तरेला साष्टी हे मोठं बेट. आपली गाडी कळवा सोडून ठाण्याकडे जाताना खाडीवरचा पूल ओलांडते. खिडकीतून खाली बघा. पूल संपला की आपण बेटावर!

आता नकाशा उघडा. जालन्यातून रस्ते चहूकडे फुटतात. अंबडला जा, मंठ्याला जा, नाहीतर भोकरदनला. मुंबईचं तसं नाही. तिच्या तीन बाजूंना पाणी. त्यामुळे शहर वाढलं ते उत्तरेकडे, लांबच लांब. रेल्वेही तशीच लांब गेली. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला ३४ किलोमीटर धावली. आज पश्चिम रेल्वे चर्चगेटहून निघते, मध्य आणि हार्बर मार्ग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून. पण तिन्ही वाटा निघतात उत्तरेकडेच.

म्हणून नवख्या माणसानं एक सूत्र पाठ करावं : लांबीला लोकल, रुंदीला बस. उत्तर-दक्षिण जायचं तर लोकल पकडायची. स्टेशनापासून आडवं आत जायचं तर 'बेस्ट'ची बस. ही बस १५ जुलै १९२६ पासून मुंबईकरांना नेते-आणते आहे. तिच्या कपाळावर क्रमांक आणि शेवटच्या थांब्याचं नाव मराठीतही असतं, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पुढं २०१४ साली वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि बेटाच्या रुंदीलाही रेल्वे मिळाली.

आपल्याकडून मुंबईला सगळेच काही समुद्र बघायला जात नाहीत. कुणाच्या आजोबांना परळच्या टाटा रुग्णालयात दाखवायचं असतं. हाती पिशव्या, फायली आणि मनात काळजी. अशा वेळी वाट माहीत असली की निम्मं ओझं उतरतं. देवगिरीनं दादरला उतरायचं. परळ तिथून फक्त एक स्टेशन. पण जलद लोकल तिथं न थांबता पुढं निघून जाते. म्हणून इंडिकेटरवर गाडीचं शेवटचं स्टेशन बघायचंच, शिवाय 'धीमी' की 'जलद' हेही वाचायचं. परळसाठी धीमी!

दादरला मध्य आणि पश्चिम अशा दोन रेल्वे शेजारी-शेजारी. पूर्वी दोन्हीकडे एक नंबरचा प्लॅटफॉर्म होता. नवखा माणूस गोंधळायचाच. डिसेंबर २०२३ मध्ये नंबर बदलले. आता १ ते ७ पश्चिमेचे, ८ पासून पुढचे मध्य रेल्वेचे. एवढं लक्षात ठेवलंत, तर आईबाबांना तुम्हीच वाट दाखवाल!

लोकल स्टेशनात जेमतेम अर्धा मिनिट थांबते. आधी उतरणाऱ्यांना वाट द्यायची, मग चढायचं. चालत्या गाडीमागं धावायचं नाही. थोड्या वेळात दुसरी येतेच. घरातून निघतानाच एक गोष्ट ठरवून ठेवा. गर्दीत कुणी प्लॅटफॉर्मवर राहिलं, तर त्यानं तिथंच थांबायचं. गाडीत चढलेल्यांनी पुढच्या स्टेशनावर उतरून मागं यायचं. सगळेच शोधायला निघाले, तर कुणीच कुणाला सापडत नाही! जवळच्या पोलीसकाकांना सांगायचं. रेल्वेची मदत १३९ वर मिळते आणि मुलांसाठी १०९८.

आणि हो, आईचा किंवा बाबांचा फोन नंबर तोंडपाठ आहे ना? नसेल, तर आज रात्री जेवणाआधी तो पाठ करा आणि न बघता म्हणून दाखवा बरं!