हुदहुदची भेट

थंडीतल्या एका शनिवारी फजर अदा करून आम्ही चार मित्र दुबईबाहेर, वाळवंटातल्या चाऱ्याच्या शेतांकडे निघालो. फवाऱ्याने भिजलेल्या गवतात एक हुदहुद किडे टिपत होता. हजरत सुलैमान (अ.) यांना सबाची खबर देणारा हाच पक्षी, मराठीतही त्याचे नाव हुदहुदच! फोटोसाठी जवळ सरकलो, तर तो उपाशीच उडाला. आम्ही ओशाळलो. हौसेपायी कुणाच्या पोटावर पाय आणायचा नाही, असे ठरले.

रविवारी रास अल खोरच्या पाणथळीतले रोहित पक्षी दुरूनच पाहिले. २००७ पासून ही जागा रामसर यादीत आहे. कायमचा रत्नागिरीला परतणारा आमचा सोबती म्हणाला, "लहानपणी खाडीवर गलोल घेऊन जायचो. आता नातवंडांना दुर्बीण घेऊन नेईन, इन्शाअल्लाह."