पाखरांची शिरगणती

पौषातील रविवारची पहाट. अशा वेळी दिल्लीकर मनुष्य रजईतून हातही बाहेर काढावयास राजी नसतो. आमच्या घरात मात्र वर्षातून एकदा, जानेवारीतील अशाच एका रविवारी, साडेपाचला चहाचे आधण चढते. मी आणि माझी नात लोकरीच्या कपड्यांत स्वतःला गुंडाळून घेतो. पिशवीत दुर्बीण, दोन पेन्सिली, जाड पुठ्ठ्यावर लावलेले कागद आणि डब्यात तिळाच्या वड्या असा सरंजाम भरतो आणि घराबाहेर पडतो. कुठे निघालात, असे शेजारच्या बाईंनी एकदा विचारले. "पाखरे मोजायला," असे मी सांगताच त्यांनी माझ्याकडे ज्या काळजीने पाहिले, ती मी अजून विसरलेले नाही. पाखरे पाहावीत हे त्यांना पटले असते. पण मोजायची कशासाठी?

हा प्रश्न अगदीच गैर नाही. मलाही तो एके काळी पडला होता, आणि त्याचे उत्तर मला दिल्लीत नव्हे, तर माझ्या माहेरी मिळाले.

माझे माहेर दापोली तालुक्यात, खाडीच्या काठी. दिवाळी उलटली की ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या चिखलावर पाखरांचे थवे उतरू लागत. कुरव, सुरय, तुतवार ही नावे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हती. आम्ही मुले त्यांना नुसती "पांढरी पाखरे" आणि "चिखलातली पाखरे" म्हणत असू. ती कोठून येतात, शिमग्यानंतर कोठे जातात, याची चौकशी कोणी केली नाही. दरवर्षी येणाऱ्या पाहुण्याला त्याचा गाव कोणी विचारत नाही, तसेच ते होते.

पुढे लग्न होऊन मी दिल्लीस आले. मधल्या काळात त्या खाडीचा एक कोपरा भरावाखाली गेला. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, आणि गावातील चारदोन जाणत्या मंडळींनी त्याविरुद्ध अर्ज केला. "येथे हिवाळ्यात पुष्कळ पाखरे उतरतात," असे त्यांनी त्यात लिहिले होते. सुनावणीच्या दिवशी त्यांना एकच प्रश्न विचारण्यात आला: "पुष्कळ म्हणजे किती?" दादा सांगतो, त्या क्षणी आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. साठ वर्षे ज्यांनी ती पाखरे पाहिली, त्यांपैकी एकालाही आकडा सांगता येईना. भराव पडला. आकडा असता तर तो टळला असता, असे मी म्हणत नाही. परंतु आपल्या डोळ्यांदेखत नाहीशा झालेल्या गोष्टीची मोजदाद आपल्यापाशी नव्हती, ही बोच दादाच्या मनात कायमची राहिली. त्या वर्षापासून तो दर जानेवारीत खाडीच्या धक्क्यावर वही घेऊन बसू लागला, आणि त्याच्या पत्रांतून हे वेड माझ्याकडे आले.

हे वेड आम्हां दोघांपुरतेच नाही, हे मला मागाहून कळले. अमेरिकेत नाताळच्या दिवशी बंदुका घेऊन पाखरे मारण्याची चढाओढ लागत असे. ती सोडून पाखरे मोजावीत, अशी कल्पना फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने मांडली आणि २५ डिसेंबर १९०० रोजी २७ माणसांनी पहिली गणना केली. पुढे १९६७ पासून पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय गणना सुरू झाली, आणि १९८७ मध्ये भारतीय उपखंडात आशियाई पाणपक्षी गणनेचा आरंभ झाला. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या कार्यात पुढाकार घेत आली आहे. जानेवारीच्या मध्यावर, पाहुणे पक्षी आपापल्या हिवाळी मुक्कामी स्थिरावलेले असतात तेव्हा, ठिकठिकाणची हौशी माणसे आपापले तळे, खाडी, नदी गाठतात आणि दिसेल तो पाणपक्षी मोजून नोंदवतात. या कामास वेतन नाही, बक्षीस नाही. काम करणारांत शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त कारकून असे सर्वच असतात.

आमचे ठिकाण ओखला. १९८६ मध्ये येथे यमुनेवर नवा बांध झाला, त्यामागे पाणी तुंबून विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला आणि १९९० मध्ये त्याला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०१७ च्या डिसेंबरात मेट्रोचे याच नावाचे स्थानक उघडले. पुढच्याच महिन्यात मी प्रथम गणनेला गेले, तेव्हा सहा वर्षांची नात माझे बोट धरून होती. एकीकडे नोएडाच्या उत्तुंग इमारती, डोक्यावर विजेच्या तारा, पाण्याला शहराच्या सांडपाण्याचा दर्प, काठाला जलपर्णी आणि पाणकणसाची दाटी. अशा पाण्यावर कोण उतरणार, असे मला वाटले. तेवढ्यात धुके किंचित विरळ झाले आणि पाणी जिवंत झाले.

किती नावे सांगू! रुंद, चपट्या चोचीने पाण्याचा पृष्ठभाग गाळीत जाणारा थापट्या. टोकदार शेपटीचा तलवार बदक. काव्यातून आपल्याला चिरपरिचित असलेला, केशरी अंगाचा चक्रवाक. आणि कपाळावर पांढरा ठिपका मिरवणारा काळा वारकरी. हे नाव ऐकून नात हसत सुटली. "आजी, हे पंढरपूरला चाललेत का?" पंढरपूरची वाट पायांची, यांची पंखांची, पण नेमाने येण्याची रीत दोघांची सारखीच, असे मी तिला सांगितले. यांतील कित्येक बदके उत्तर आशियातून, सैबेरियाकडून येतात. पट्टकदंब हा हंस तिबेट आणि मंगोलियातून हिमालय ओलांडून येतो; सात हजार मीटरहून अधिक उंचीवरून तो उडाल्याची नोंद झालेली आहे. आणि त्या सर्वांत मला दिसले माझ्या माहेरचे कुरव! समुद्रापासून इतक्या दूर, यमुनेच्या पाण्यावर, तेच पांढरे पंख आणि तीच भांडखोर किलकिल. परक्या गावी आपल्या आळीतील माणूस अवचित भेटावा, तसे मला झाले.

मोजण्याचे काम मात्र पाहण्याइतके सोपे नाही. एक जण मोजतो, दुसरा लिहितो. शाई दवाने पसरते म्हणून पेन्सिल वापरावयाची. थवा लहान असेल तर एकेक पक्षी मोजावा. मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजून तेवढ्यांनी किती जागा व्यापली ते नजरेत बसवावे, मग तसे दहा गट म्हणजे शंभर, आणि ते माप साऱ्या थव्यावर टप्प्याटप्प्याने ठेवीत जावे. थवा मध्येच उडाला तर तो कोणत्या दिशेस गेला ते लिहावे. नाही तर पुढच्या टप्प्यावर तेच पक्षी पुन्हा मोजले जातात. पहिल्या वर्षी मी उत्साहाच्या भरात तलवार बदकांसमोर ६०० असा आकडा मांडला. आमचे गटप्रमुख एक निवृत्त शाळामास्तर आहेत. त्यांनी कागद पाहिला आणि शांतपणे विचारले, "बहनजी, गिने हैं, या लगे हैं?" मोजले की वाटले? मी खाली मान घालून पुन्हा मोजू लागले. बदके ४०० देखील भरली नाहीत. त्यांनी जुना आकडा खोडू दिला नाही. त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहावयास सांगितले. "चूक दिसली पाहिजे," एवढेच ते म्हणाले.

अशा साध्या आकड्यांनी काय साधते, ते याच परिसरातील दोन उदाहरणांवरून दिसेल. गुरुग्रामजवळच्या सुलतानपूर झिलेविषयी पीटर जॅक्सन या पक्षिप्रेमी गृहस्थांनी १९७० मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांना पत्र लिहिले. १९७१ मध्ये ती झील अभयारण्य झाली, १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि २०२१ मध्ये तिचे नाव रामसर यादीत आले. इराणातील रामसर या गावी १९७१ मध्ये झालेल्या कराराची ती यादी. एखाद्या पाणथळ जागी नियमितपणे २०,००० पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या एकूण पक्ष्यांपैकी शेकडा एक तेथे येत असतील, तर ती जागा जागतिक महत्त्वाची ठरू शकते. हा शेकडा एक कोणी तरी थंडीत उभे राहून मोजल्यावाचून कळणार कसा?

दुसरे उदाहरण दुःखाचे आहे. आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडणाऱ्या भरतपूर येथे १९६४-६५ च्या हिवाळ्यात सुमारे २०० सैबेरियन क्रौंच मोजले गेले होते. वर्षामागून वर्षे तो आकडा उतरत गेला. २००१-०२ च्या हिवाळ्यात तेथे त्यांची अखेरची जोडी दिसली, आणि त्यानंतर त्या रकान्यात शून्य आले. मोजणाऱ्यांना ते क्रौंच वाचवता आले नाहीत, हे खरे. तथापि ते किती होते आणि केव्हा संपले, हे आपण निश्चितपणे सांगू शकतो. आमच्या गावच्या खाडीबद्दल तेवढेही सांगता आले नव्हते.

आता २०२४ च्या जानेवारीतील गोष्ट. त्या महिन्यात दिल्लीत धुक्याने कहर केला होता. साडेनऊ वाजले तरी आमच्या वाट्याच्या टप्प्याचा पलीकडचा अर्धा भाग दिसेना. तेथे दरवर्षी बदकांचा मोठा थवा असतो, हे मला ठाऊक होते. मागील वर्षाचा आकडाही पाठ होता. हातपाय गारठले होते, नातीला खोकल्याची उबळ येत होती. पुढे काय झाले ते सांगण्यास मला संकोच वाटतो. मी तिला म्हटले, "बाळ, मागच्या वर्षाएवढेच लिही. पाखरे तिथे असणारच."

पेन्सिल तिच्या हातात होती. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "पण आजी, आपण पाहिली नाहीत ना?"

मी वरमले. स्वतःला सावरीत म्हटले, "बरे, मग शून्य लिही."

"शून्य कसे लिहू? शून्य म्हणजे पाहिले आणि नव्हती. आपण तर पाहिलेच नाही."

बारा वर्षांच्या मुलीने मला निरुत्तर केले. शून्य आणि कोरा रकाना यांत केवढे अंतर आहे! शून्य ही साक्ष आहे. कोरा रकाना ही आपल्या मर्यादेची कबुली आहे. आणि न पाहता लिहिलेला आकडा ही खोटी साक्ष आहे, मग तो कितीही संभाव्य असो. पुढे कधी ते पाणी आटले, पाखरे रोडावली, तर माझ्या मायेने लिहिलेला तो आकडा "सर्व ठीक आहे" असेच सांगत राहिला असता. तिने रकाना कोरा ठेवला आणि शेरा लिहिला: "दाट धुके. पलीकडचा भाग दिसला नाही." मास्तरांनी तो कागद वाचला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काही न बोलता तो इतर कागदांत लावला. माझा सहाशेचा आकडा त्यांना आठवला असावा. मला तर तो आठवलाच.

त्या रात्री दादाचा फोन आला. त्याची खाडीवरची मोजणी त्याच दिवशी झाली होती. "काय गं, किती झाले तुझे?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. मी आमचे आकडे सांगितले, आणि मग काही न लपवता रकान्याची हकीकतही सांगितली. पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. मग तो म्हणाला, "आमच्या वेळी विचारणारे होते, पण सांगणारा कोणी नव्हता. तुझ्या नातीला माझा आशीर्वाद सांग." फोन ठेवल्यावर मी नातीच्या खोलीत डोकावले. ती झोपली होती, आणि उशाशी पेन्सिल तशीच पडली होती.

शेजारच्या बाईंच्या प्रश्नाला मी आता उत्तर देऊ शकते. आपण घरातील पैसा मोजतो, धान्य मोजतो, मुलांची उंची दारावर रेघ ओढून मोजतो. ज्याची आपल्याला काळजी, त्याची आपण मोजदाद ठेवतो. ज्या गावात तळे असेल, नदी असेल वा खाडी असेल, तेथील कुटुंबाने जानेवारीतील एक सकाळ त्या पाण्याकाठी घालवून पाहावी. दुर्बीण नसली तरी चालेल. चार पाखरे ओळखता आली तर चारच लिहावीत. मोठ्या माणसांनी मोजावे आणि मुलांच्या हाती पेन्सिल द्यावी. निदान माझ्या अनुभवात, पेन्सिल त्यांच्याच हाती अधिक सुरक्षित असते.